निकदेमाची रात्र: 'नव्या जन्मा'च्या रूपकाचे मराठी वाचन

मुंबईच्या उपनगरांतील आरे कॉलनी १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून वसविण्यात आली. परंतु तिच्या भोवतालच्या भूमीचा धार्मिक इतिहास तिच्याहून फार जुना आहे. कॉलनीच्या दक्षिणेस मरोळ आणि कोंडिवटे ही जुनी गावे. तेथे, आज सीप्झ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात, संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली उभारलेल्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० साली साथीच्या रोगामुळे हे चर्च सोडून देण्यात आले आणि त्यातील वेद्या, मूर्ती, खांब व स्नानसंस्काराचे कुंड मरोळच्या चर्चमध्ये नेण्यात आले. मूळ वास्तूचे छप्पर गेले, भिंती उरल्या. तेथून जवळच महाकालीची बौद्ध लेणी आहेत, आणि खुद्द आरेच्या रानातील पाड्यांवर वारली व इतर आदिवासी कुटुंबे वाघदेवाची पूजा करीत आली आहेत.

या परिसराचा उल्लेख केवळ स्थलवर्णनाच्या हौसेने केलेला नाही. ज्या संताच्या नावाने ते चर्च उभे होते त्याचे कार्य पाण्याने स्नान घालण्याचे; आणि लोक गाव सोडून गेले तेव्हा त्यांनी जे सोबत नेले त्यात ते पाण्याचे कुंडही होते. माणसाचे अंतरंग पालटणे आणि त्याच्या मस्तकावर पाणी पडणे या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्या कुंडापाशी उभा राहतो. तोच प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात निकदेमाच्या कथेत उभा राहिला आहे. या कथेचे मराठी भाषेतून वाचन करताना तिच्यातील मध्यवर्ती रूपकाचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथा थोडक्यात अशी: निकदेम हा परूशी पंथाचा, यहुद्यांच्या सभेचा सभासद, शास्त्रवेत्ता. तो रात्री येशूकडे येतो आणि आदराने बोलण्यास प्रारंभ करतो. येशू त्याच्या स्तुतीची दखल न घेता एकदम सांगतो की, ज्याचा जन्म विशिष्ट प्रकारे झालेला नाही त्याला देवाचे राज्य दिसणार नाही. निकदेम विचारतो की, वय झालेल्या माणसाने जन्मावे कसे? मातेच्या उदरात त्याला पुन्हा शिरता येईल काय? त्यावर पाणी व आत्मा यांच्यापासून होणाऱ्या जन्माचे आणि वाऱ्याचे बोलणे निघते. निकदेम आणखी एकदा 'हे कसे घडावे' असे विचारतो आणि नंतर संवादातून नाहीसा होतो. तो केव्हा उठून गेला हे शुभवर्तमानकार सांगत नाही.

या कथेचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. देहाचा जन्म एक, अंतःकरणाचा दुसरा. निकदेमाने स्थूल अर्थ घेतला, येशूने सूक्ष्म अर्थ सांगितला. म्हणून ही कथा आंतरिक आध्यात्मिक नूतनीकरणाचे रूपक होय. हा अर्थ चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो फार लवकर हाती येतो, आणि जो अर्थ इतक्या लवकर हाती येतो त्यासाठी एका वृद्ध पंडिताला रात्री इतका गोंधळात पाडण्याचे कारण नव्हते. या वाचनात निकदेम केवळ एक मंदबुद्धी श्रोता ठरतो. वस्तुतः कथेतील सर्वांत मूर्त, सर्वांत न विसरता येणारी प्रतिमा त्याचीच आहे: वृद्ध पुरुष आणि आईचे उदर. ती प्रतिमा काढून टाकली तर 'जन्म' हा शब्द केवळ शोभेपुरता राहतो आणि त्याच्या जागी 'सुधारणा' हा शब्द घातला तरी काही बिघडत नाही. 'नूतनीकरण' या शब्दाची तर गोष्टच वेगळी. मराठीत आज तो परवान्याच्या आणि वर्गणीच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. मुदत संपली, शुल्क भरले, पुन्हा चालू झाले. अशा व्यवहारात कोणीही जन्मत नाही.

निकदेमाचा गैरसमज निष्कारण नाही. त्याचे मूळ शब्दातच आहे. येशूच्या वाक्यातील 'अनोथेन' या ग्रीक क्रियाविशेषणाचे दोन अर्थ होतात: 'वरून' आणि 'पुन्हा, नव्याने'. याच शुभवर्तमानात अन्यत्र हा शब्द 'वरून' या अर्थाने निःसंदिग्धपणे येतो. येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याचे वर्णन करतानाही तो वरपासून विणलेला होता हे सांगण्यासाठी तोच शब्द वापरलेला आहे. निकदेम त्याचा दुसरा अर्थ घेतो. म्हणजे वक्ता उभ्या रेषेत बोलत आहे आणि श्रोता आडव्या, काळाच्या रेषेत ऐकत आहे. हा श्लेष ग्रीकमध्येच साधतो. अरामी भाषेत तो तसा साधत नाही, याकडे अभ्यासकांनी पूर्वीच लक्ष वेधले आहे. लॅटिन व्हल्गेटने 'पुन्हा' हा अर्थ पत्करला आणि पुढील अनेक भाषांतरे त्या वाटेने गेली. श्लेष असलेल्या वाक्याच्या भाषांतरकाराला निम्मे वाक्य टाकावेच लागते. कोणते निम्मे टाकले यावरून मात्र पुढच्या कित्येक पिढ्यांच्या धर्मभावनेला वळण मिळते.

मराठीतील भाषांतरकाराची अडचण याहून अवघड आहे. नव्या कराराचे मराठी भाषांतर श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली बाहेर पडले. तेव्हापासून या जागी ज्याला लेखणी थांबवावी लागली नसेल असा भाषांतरकार विरळा. 'वरून' हा शब्द घ्यावा तर मराठीत त्याला एक विपरीत छटा आहे. 'वरून' म्हणजे उंचावरून, हे खरे. पण 'वरून' म्हणजे बाहेरून, दिसण्यापुरते, हेही तितकेच खरे. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण ज्याच्या कानांत आहे त्याला 'वरून जन्मलेला' माणूस हा वरवर पालटलेला माणूस वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. जे रूपक अंतरंगाचे म्हणून वाचावयाचे तेच शब्दाच्या एका वळणाने बहिरंगाचे होऊन बसते. ग्रीक श्लेष मराठीत येत नाही. त्याऐवजी एक नवा आणि नको असलेला श्लेष येतो.

'पुन्हा' हा पर्याय घ्यावा तर समोर 'पुनर्जन्म' हा शब्द दत्त म्हणून उभा. मराठी वाचकाला पुन्हा जन्म मिळण्यात नवल वाटत नाही. उलट तो चुकविण्याची त्याला चिंता असते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा ज्याच्या बोलण्यात सहज येतो, त्याला 'पुन्हा जन्मल्यावाचून सुटका नाही' असे सांगणे म्हणजे रोग्याला रोगच औषध म्हणून देण्यासारखे आहे. निकदेमाला जे अशक्य वाटले ते मराठी श्रोत्याला अटळ वाटते. म्हणूनच प्रचलित ख्रिस्ती मराठीने 'पुनर्जन्म' टाळून 'नवा जन्म', 'नव्याने जन्म' अशा शब्दयोजनेकडे कल ठेवला, तो केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. 'पुनर्' मध्ये चक्र आहे. 'नवा' मध्ये छेद आहे. मात्र बोलीभाषा एवढ्यावर थांबलेली नाही, हेही नोंदविले पाहिजे. मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस 'माझा पुनर्जन्मच झाला' असे म्हणतो तेव्हा त्याला योनींचा फेरा अभिप्रेत नसतो. तत्त्वज्ञानाने अडविलेला शब्द लोकांनी आजारपणाच्या अनुभवातून मोकळा करून घेतला आहे. भाषांतरकारांनी या मोकळीकीचा आणखी लाभ घ्यावयास हरकत नव्हती.

तिसरा शब्द याहून जड आहे: 'द्विज'. दुसऱ्या जन्माची कल्पना या भूमीत परकी नाही. उपनयनाने दुसरा जन्म होतो म्हणून त्रैवर्णिकांना द्विज म्हटले गेले. अथर्ववेदातील ब्रह्मचर्यसूक्तात आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या उदरात गर्भाप्रमाणे धारण करतो अशी कल्पना आहे. निकदेमाच्या प्रश्नाला जणू आधीच दिलेले हे एक उत्तर होय: वाढलेल्या मनुष्याला पुन्हा उदरात शिरता येते, आणि ते उदर गुरूचे असते. योहानाच्या कथेतही निकदेम हा इस्राएलाचा गुरू असल्याचा उल्लेख किंचित उपरोधाने आला आहे. गुरूला गर्भाची गोष्ट कळू नये, हा त्यातील बोच. दोन्ही परंपरांत प्रतिमा इतकी जवळची असता त्यांतील भेद मात्र मूलगामी आहे. द्विजाचा दुसरा जन्म त्याच्या पहिल्या जन्मावर अवलंबून होता. ज्याचा पहिला जन्म विवक्षित कुळात झाला नाही त्याला, आणि रूढ स्मृतिव्यवस्थेत कोणत्याही कुळातील स्त्रीला, तो दुसरा जन्म नाकारण्यात आला. निकदेमाला सांगितला गेलेला जन्म नेमका याच ठिकाणी वेगळा आहे. पहिल्या जन्माने त्याला जे सर्व मिळाले होते, म्हणजे कुळ, पंथ, सभेतील आसन आणि शास्त्रज्ञान, ते या दुसऱ्या जन्माच्या कामी पडणार नव्हते. मराठी वाचकाने ही कथा केवळ 'आंतरिक' म्हणून वाचली तर तिच्यातील हा सामाजिक घाव त्याच्या हातून निसटतो. आणि महाराष्ट्रात हा घाव काही लहानसहान नव्हे.

आता क्रियापदाकडे वळावयास हवे, कारण रूढ वाचनाचा खरा घोटाळा नामात नसून क्रियापदात आहे. मराठीत 'जन्म' या नामाबरोबर मुख्यतः तीन क्रियापदे येतात: जन्म घेणे, जन्म देणे, जन्म होणे. यांपैकी 'घेणे' कर्त्याच्या इच्छेचे आहे. अवतार जन्म घेतो. त्याच्या मागे संकल्प असतो. 'देणे' आईचे आहे. आणि 'होणे', तसेच 'जन्माला येणे', यांत जन्मणाऱ्याच्या इच्छेला स्थान नाही. ग्रीक मूळात या कथेतील क्रियापद कर्मणी आहे. जन्मणाऱ्याच्या बाबतीत काही केले जाते, तो स्वतः काही करीत नाही. मराठी प्रवचनांत मात्र 'नवा जन्म घ्या' असा आज्ञार्थ सर्रास ऐकू येतो. व्याकरणदृष्ट्या त्यात काही वावगे नाही. अर्थदृष्ट्या मात्र कथा उलटी झाली आहे. निकदेमाची अडचण 'मी हे कसे करू' ही आहे, आणि कथेचे म्हणणे असे की, हे करण्याचे नव्हेच. कोणत्याही अर्भकाने स्वतःच्या जन्मासाठी श्रम केलेले नाहीत. श्रम आईचे असतात. आंतरिक नूतनीकरण हा साधकाचा पराक्रम मानणारे वाचन जन्माच्या रूपकाला नकळत तपश्चर्येच्या रूपकात बदलून टाकते. तपश्चर्या थोर आहे, पण ती दुसरी कथा आहे.

'आत्मा' या शब्दानेही असाच एक पेच निर्माण केला आहे. गीतेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला आत्मा अज आहे, त्याला जन्म नाही. मग आत्म्यापासून जन्म म्हणजे काय? असा वाचक स्वाभाविकपणे कथेचा अर्थ ज्ञानमार्गाने लावतो: नवे काहीच जन्मत नाही, अज्ञानाचा पडदा दूर होतो आणि जे होतेच ते दिसू लागते. हा अर्थ उदात्त आहे, आणि 'देवाचे राज्य दिसणे' या शब्दांशी तो जुळतोही. पण 'जन्म' या शब्दाशी जुळत नाही. पडदा दूर झाला असता घरात एक माणूस वाढत नाही. जन्म झाला असता वाढतो.

ग्रीकमधील 'न्यूमा' या एकाच शब्दात वारा आणि आत्मा हे दोन्ही अर्थ आहेत. हिब्रू-अरामी 'रूआख'मध्येही तसेच. म्हणून येशूचे बोलणे आत्म्यावरून वाऱ्यावर जाते तेव्हा मुळात विषय बदललेलाच नसतो. मराठी भाषांतरात तो बदलतो; 'वारा' आणि 'आत्मा' असे दोन शब्द येतात आणि त्यांच्यामध्ये उपमेचा पूल बांधावा लागतो. वास्तविक मराठीत एक शब्द असा आहे की ज्यात हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून नांदत आहेत: 'वारे'. 'अंगात वारे येणे' हा प्रयोग सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना समजतो. आरेच्या पाड्यांवरील माणसाला भगताच्या अंगातील वारे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ते कोठून येते आणि कोठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते. आवाज ऐकू येतो, अंग कापते, आणि बोलणारा तो बोलणारा राहत नाही. योहानाने वाऱ्याविषयी जे म्हटले त्याच्या हे किती निकट आहे! पांडित्याने हा शब्द देवळाबाहेर, झाडाखाली ठेवला, आणि भाषांतरकारांनीही तो तेथेच राहू दिला. त्याला कारण होते: अंगात येणारे वारे उतरते, आणि उतरल्यावर माणूस पूर्ववत होतो. जन्म उतरत नाही. तरीसुद्धा 'आत्मा' या शब्दाने जी स्थिरता आणि अलिप्तता या कथेत आणली ती मुळात नाही, एवढे तरी 'वारे' हा शब्द शेजारी ठेवून पाहिल्यास कळते. त्या रात्री निकदेमाच्या समोर जे मांडले गेले ते शांत चिंतन नव्हते. त्यात भीतीचा अंश होता.

भाषेची ही चर्चा महाराष्ट्रातील चरित्रांच्या आधारे पारखून पाहता येते. पंडिता रमाबाईंना २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा मिळाला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्टपणे सांगितले आहे की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती दुसरी गोष्ट सुमारे आठ वर्षांनी घडली. तिला निमित्त झालेल्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त होते. स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच्याच प्रवचनाने ज्याचे परिवर्तन झाले असा हा गृहस्थ. म्हणजे रमाबाईंच्या चरित्रात पाणी आणि आत्मा यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर पडले. पुराणे मुखोद्गत असलेल्या, काशीपासून कलकत्त्यापर्यंतच्या पंडितांनी गौरविलेल्या या स्त्रीला निकदेमाचा प्रश्न सर्वांहून अधिक कळला असला पाहिजे. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि १९२२ साली मृत्यूच्या अगदी अलीकडे ते पुरे केले. हिंदू दर्शनांचे अर्थ ज्यांना चिकटलेले आहेत अशा संस्कृत शब्दांविषयी त्यांची सावधगिरी अनेकांना अतिरेकी वाटली आहे. 'पुनर्जन्म', 'द्विज', 'आत्मा' यांची वर केलेली चर्चा ध्यानात घेता तिला निव्वळ अतिरेक म्हणता येणार नाही. ज्या शब्दांनी तिला स्वतःला अडविले होते त्यांच्याविषयीची ती सावधगिरी होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मुद्रित झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी स्वीकारली, पुराणाचा घाट स्वीकारला आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणावयासही मागेपुढे पाहिले नाही. दोघांची वाट उलट. दोघांपुढचा पेच एकच. वाङ्मयदृष्ट्या स्टीफन्सची वाट अधिक फलदायी ठरली, हे मान्य केले पाहिजे. पण निकदेमाच्या कथेपुरता रमाबाईंचा संशय अधिक खोल आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत याच्या बरोबर उलट क्रमाने घडली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला. परंतु 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याच्या मनावर ठसतो तो विधी नव्हे. त्यापूर्वीचा तो क्षण, ज्या क्षणी जातिभेद माणसाने निर्माण केला आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. सोवळ्याओवळ्यापायी नवऱ्याच्या घरातही वेगळी चूल सांभाळलेल्या बाईचा हा निश्चय. येथेही पाणी आहेच! पण ते कुंडातील नसून परक्या हातातील भांड्यातले आहे. लक्ष्मीबाईंचा नवा जन्म 'आंतरिक' होता काय? होता, आणि तो पाणी पिण्याच्या कृतीपासून वेगळा काढता येत नाही. योहानाने निकदेमाच्या पुढच्याच अध्यायात शोमरोनी स्त्रीची कथा ठेवली आहे. तेथे भर दुपार आहे, विहीर आहे, आणि ज्यांच्याशी यहुदी भांडीसुद्धा मिसळीत नाहीत अशा समाजातील स्त्रीकडे येशू पाणी मागतो. रात्री आलेल्या प्रतिष्ठित, नामांकित पंडिताला जे उमगले नाही ते दुपारी भेटलेल्या अनाम स्त्रीला उमगते. महाराष्ट्रातील वाचकाने हे दोन अध्याय एकमेकांपासून तोडून वाचू नयेत. त्याच्या पाणवठ्यांचा इतिहास त्याला तसे करू देणार नाही.

टिळकांनी स्वतः आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, 'देवाचा दरबार' स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. पाण्यावाचूनही जन्म होऊ शकतो, अशी ही भूमिका होती, आणि चर्चच्या दृष्टीने ती अवघड होती. तिची दुसरी बाजू साष्टीच्या जुन्या ख्रिस्ती समाजात दिसते. पोर्तुगीज सत्तेच्या छायेखाली सोळाव्या शतकात मरोळ-कोंडिवट्याकडील गावांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कोणाच्या अंतरंगात काय घडले हे सांगण्यास कागद पुरे पडत नाहीत. भाषा मराठीच राहिली. जातींच्या ओळखी पुष्कळ काळ टिकल्या. आणि ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणण्याची चाल पुढे चालू राहिली. पाणी पडले, पण आतले काही पालटले नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. तो काढू नये. साथीत गाव उठले तेव्हा ज्यांनी ते दगडी कुंड मागे टाकले नाही त्यांच्यापुरता तो जन्म त्यांच्या पूर्वजांचा राहिला नव्हता, त्यांचा स्वतःचा झाला होता. जन्म एका क्षणी होतो. ज्याचा झाला त्याला तो कळण्यास वर्षे लागतात, क्वचित पिढ्या लागतात.

बायबलच्या बाहेर जाऊनही एक साक्ष देता येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत, आज आपला नवा जन्म होत आहे असे मानण्याचीही एक प्रतिज्ञा आहे. हा 'पुनर्जन्म' नव्हे हे उघड आहे; 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याच्या देहांतराची कल्पना नाकारलेलीच आहे. तेथे 'नवा जन्म' हा शब्द द्विजत्वाच्या थेट विरुद्ध अर्थाने उभा आहे: ज्यांना दुसरा जन्म नाकारला होता त्यांनी पहिल्याच जन्माचा हिशेब मोडीत काढला. हे परिवर्तन आंतरिक की सामाजिक, असा प्रश्न तेथे कोणी विचारल्यास तो हास्यास्पद ठरेल. निकदेमाच्या कथेला तो प्रश्न विचारताना मात्र अनेक टीकाकारांना संकोच वाटत नाही.

आईच्या उदराच्या प्रतिमेकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या म्हटले जात आले आहे. या उक्तीत मोठी सूक्ष्मता आहे: जन्म एकाचा होतो आणि पुनर्जन्म दुसरीचा, ज्या उदरातून जीव बाहेर येतो त्या उदराची धनीणही मरणाच्या दारातून परत येते. निकदेमाने उदराचा प्रश्न पुरुषाच्या बाजूने विचारला, आत शिरता येईल काय असा. मराठी बाईने तो दुसऱ्या बाजूने पाहिला. तिच्या बोलण्यात जन्म ही वेदनेची आणि धोक्याची घटना आहे, आणि ती दुसऱ्या कोणासाठी सोसलेली आहे. याच शुभवर्तमानात पुढे, निरोपाच्या बोलण्यात, येशू प्रसूतिवेदनेचा दृष्टांत देतो, तोही आईच्या बाजूने. तेव्हा निकदेमाचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो अपुरा होता. जन्मणाऱ्याला कोणाच्या वेणांतून यावे लागेल, हे त्याने विचारले नाही.

बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले. रात्र संपून उजाडणे ही प्रतिमा मराठी ख्रिस्ती लेखकांना जन्माच्या प्रतिमेपेक्षा अधिक जवळची वाटली असे दिसते, आणि वर वर्णिलेले शब्दांचे अडथळे पाहता ते स्वाभाविकही आहे. उजेड कोणालाही समजतो. त्यात योनी नाही, वर्ण नाही, उदर नाही. पण निकदेमाच्या कथेत उजाडत नाही. तो रात्री येतो आणि रात्रीतच मिसळून जातो. त्याचा नवा जन्म झाला असे योहान कोठेही म्हणत नाही.

त्याऐवजी तो निकदेमाला आणखी दोनदा दाखवितो. सातव्या अध्यायात सभेत येशूला पकडण्याची भाषा चालू असता निकदेम एक कायद्याचा प्रश्न विचारतो: माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याला दोषी ठरविता येते काय? हे धैर्य अर्धेमुर्धे आहे. तो येशूचा पक्ष घेत नाही, नियमाचा घेतो, आणि एवढ्यावरच सहकारी त्याला 'तूही गालीलचा काय' असे हिणवतात. त्याच्या पहिल्या जन्माचीच चेष्टा होते. नंतर एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य पांगलेले असताना, तो येशूच्या दफनासाठी गंधरस व अगरू यांचे मिश्रण घेऊन येतो. त्याचे वजन योहानाने नोंदविले आहे: शंभर लित्रा, म्हणजे आजच्या मापाने बत्तीस-तेहतीस किलो. राजाच्या दफनाला शोभेल एवढा हा साठा. तो उचलून आणावा लागला, लोकांच्या देखत आणावा लागला, आणि सणाच्या तोंडावर एका प्रेताला हात लावून शास्त्रवेत्त्याने विटाळ पत्करला. ज्याला पाण्यापासूनचा जन्म समजला नव्हता तो मृतदेह तागाच्या वस्त्रात गुंडाळीत उभा आहे. या वेळी तो एक शब्दही बोलत नाही. 'कसे' हा त्याचा आवडता प्रश्नही त्याने विचारलेला नाही. आणि योहान त्याची ओळख करून देताना नेमके तेच आठवून सांगतो: हा तोच, जो पहिल्यांदा रात्री आला होता.